व्हेरोनाच्या पत्त्यावर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद. काल फोनवर खोकलीस तेव्हाच विचारणार होतो, ताप मोजलास का? पण म्हटलं, पुन्हा तेच नको.

ज्युलिएटच्या घराचा फोटो आईने अख्ख्या चाळीला दाखवला. मीही. पण ती गॅलरी १९४० च्या आसपास बसवलेली आहे म्हणे, आणि शेक्सपिअरच्या नाटकात बाल्कनी हा शब्दच नाही! गोष्ट तरी कुठे तिथली? १४७६ मध्ये मासुच्चो या इटालियन लेखकाने लिहिली ती सिएना शहरातली. लुइजी दा पोर्तोने १५३० च्या सुमारास ती व्हेरोनाला आणली, पुढे आणखी एक इटालियन, बांदेल्लो, मग फ्रेंचातून इंग्रजीत, १५६२ साली ब्रूक या कवीकडे. शेक्सपिअरने त्याच्यावरूनच घेतली.

मला पोस्टमनला त्यात दिसलं ते वेगळंच. दर वेळी पत्र पोचत नाही. मासुच्चोत निरोप्याला चाचे गाठतात. दा पोर्तोत पत्र नेणाऱ्याला रोमिओ घरी सापडत नाही, म्हणून पत्र त्याच्याच हाती राहतं. अरे, सूचना तरी ठेवून यायची! शेक्सपिअरमध्ये प्लेगच्या संशयावरून पत्र नेणाऱ्या साधूलाच घरात कोंडतात. साथ, ताप... बघ, आलो फिरून तिथेच. औषध घेतेस ना? उपाशीपोटी घेऊ नकोस, आणि रात्री जागू नकोस, तिथली थंडी म्हणजे...

असो. चुकलं. ब्रूकनेही प्रस्तावनेत आईबापांचं न ऐकणाऱ्या पोरांना चांगलं झापलंय. मी ते मोठ्याने वाचलं, तर आई म्हणाली, "विमानतळावर तुम्ही काय वेगळं बोललात?" त्या मुलाबद्दल मी तसं बोलायला नको होतं.

ब्रूकची ज्युलिएट सोळाची, शेक्सपिअरची चौदाचीही नाही. तेराव्या वर्षी तुला टायफॉइड झाला होता. निरोप आला तसा मी वाटपाची बीट अर्धवट टाकून सायकल घराकडे वळवली. पिशवीत चार पत्रं राहिली. एवढ्या नोकरीत त्या दिवशीची तेवढीच. चारही पत्ते अजून पाठ आहेत. रात्रभर तू माझं बोट सोडलं नाहीस, आणि आता परक्या देशात एकटी राहून त्यांच्या भाषेत परीक्षा देतेस.

फोन नाही उचललास तरी चालेल. ताप किती, तेवढा आकडा टाक.

तुझे बाबा

ता. क. सुंठीची पूड पार्सलने पाठवली आहे. दारावर तुझं नाव लावलंयस ना?