चोडणच्या आमच्या शेजारच्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माटोळी (गणपतीवर फळं-पानांची बांधलेली सजावट) बघायला आलात आणि रात्री नऊपर्यंत राऊटरपाशी बसून राहिलात. त्या गडबडीत आभार मानायचे राहिले. अशीच अडचण असलेल्या इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

दोन महिने माझा गेम अडखळत होता. ऐन मोक्याला समोरचा खेळाडू थिजायचा आणि पुढच्या क्षणी मी बाद झालेलो असायचो. केबलवाले म्हणत, मोठा प्लॅन घ्या. मी व्हिडिओ बघून राऊटरवर 3074 पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं त्या क्रमांकाचं दार, उघडला, मग वैतागून आख्खा संगणकच डीएमझेडमध्ये टाकला, म्हणजे त्याची सगळीच दारं उघडी केली. तुम्ही आधी तो बाहेर काढलात. "घराची दारं सताड उघडलीस, पण वाट फाटकापाशीच बंद आहे," म्हणालात. राऊटरचा बाहेरचा पत्ता 100.72 ने सुरू होत होता, म्हणजे सीजीनॅट. अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता, त्यामुळे मी उघडलेला पोर्ट बाहेरून दिसतच नव्हता. आणि कंपनीच्या सर्व्हरवर खेळताना जोडणी आपल्याच बाजूने सुरू होते, तेव्हा त्याची गरजही नव्हती. मित्रांसाठी घरी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायचा तर 25565 उघडावा लागेल, पण आधी केबलवाल्यांकडून स्वतःचा सार्वजनिक पत्ता (आयपी) मागून घे, हेही सांगितलंत.

मग तुम्ही पिंग चालू ठेवलात, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात त्याचं मोजमाप. 31, 30, 32. ताईला म्हणालात, "आरतीचे व्हिडिओ पाठव बघू." 180, 340, 410! व्हिडिओ गेले आणि परत 31. दोन महिने छळणारं भूत त्या पडद्यावर मला पहिल्यांदा दिसलं.

तुम्ही म्हणालात, "रायबंदरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर मोटारींची रांग असली तरी स्कूटरवाले बाजूने पुढे जातात ना? व्हिडिओंच्या रांगेत अडकणारी तुझ्या गेमची पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, तेवढीच लहान. त्यांना बाजूची वाट देऊ."

तुम्ही स्वतःचा जुना, ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरची मुक्त प्रणाली घातलेला राऊटर आणून जोडलात. अपलोड 40 एमबीपीएसचं होतं, एसक्यूएम या रांग सांभाळणाऱ्या सोयीत तुम्ही 34 लिहिलंत आणि 'केक' ही रांग लावायची पद्धत निवडलीत. वेग कमी करून खेळ सुधारेल हे मला पटेना. तुम्ही न कंटाळता समजावलंत: रांग मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे पॅकेटं थांबायच्या जागेत, लागली तर तिच्यावर आपला ताबा नाही. थोडा वेग सोडला की ती आपल्या राऊटरमध्ये लागते, आणि कुणाला आधी सोडायचं ते तिथे आपल्याला ठरवता येतं. ताईने पुन्हा व्हिडिओ पाठवले. 36. तिचंही काही अडलं नाही.

बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून तुम्ही इतकी वर्षं काढलीत, पण एका पोराच्या खेळासाठी तितक्याच मनापासून बसलात. हे मी विसरणार नाही.

कपाटाच्या दारावर तुमच्या अक्षरातला '34' चा कागद अजून चिकटवलेला आहे. प्लॅन बदलला तर तुम्ही शिकवलंत तसं आधी मोजेन, मगच तो आकडा खोडेन.

तुमचा,
शेजारचा पोर