ब्लँकेट द्या पण त्या म्हातारीचा फोटो छापू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

नाताळ जवळ आलाय, थंडी पण पडायला लागलीय, धुळ्याकडे डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे ब्लँकेट वाटपाचे कार्यक्रम सगळीकडे सुरू झालेत, ते चांगलंच आहे. पण तुमच्या पेपरात त्याचे जे फोटो येतात ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. एक ब्लँकेट, त्याला लागलेले सात-आठ हात, सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत आणि मधे एक म्हातारी पदर पुढे ओढून खाली बघत उभी. मागच्या वर्षी अशाच एका वाटपाला मी हजर होतो, एका आजीने सरळ विचारलं, "मना फोटू कसाले काढतस भाऊ?" कोणीच उत्तर दिलं नाही, उलट तिला थोडं बाजूला सरकवलं कारण मागचा बॅनर झाकला जात होता.

मी ख्रिस्ती आहे, म्हणून आधी आमच्याच लोकांना बोलतो. बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने साफ सांगितलंय, उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका, आणि लगेच पुढे प्रार्थनेचं पण तेच, खोलीत जा, दार लावून घे आणि मग प्रार्थना कर. दोन्ही गोष्टी त्याने एकाच दमात सांगितल्यात. मग गुडघे टेकलेले असताना कोणी शूटिंग केलं तर आपल्याला राग येतो आणि दान देताना मात्र आपणच फोटोग्राफर बोलावतो, हे कसं काय?

आपण खान्देशातली शेतकरी माणसं, आपल्याला एक गोष्ट पटकन समजेल. मोशेच्या नियमशास्त्रात, बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे, पीक कापताना शेताच्या पार कडेपर्यंत कापू नको, खाली पडलेला सरवा गोळा करू नको, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. आपल्याकडे पण भुईमूग काढला की बायापोरं राहिलेल्या शेंगा वेचायला येतात आणि चांगला शेतकरी त्यांना हाकलत नाही. रूथ ही मवाबातली, म्हणजे परक्या देशातली विधवा, सासूला घेऊन बेथलेहेमला आलेली, ती बवाजच्या शेतात अशीच सातूचा सरवा वेचत होती. बवाजने काय केलं बघा, गड्यांना सांगितलं की पेंढ्यांमधून मुद्दाम थोडी कणसं ओढून खाली टाका, तिला वेचू द्या आणि तिला लाजवू नका, धमकावू नका. त्याला एक पोतं भरून सगळ्यांसमोर तिच्या हातात देता आलं असतं ना, पण तिने स्वतःच्या हाताने वेचावं आणि मान वर ठेवून घरी जावं एवढं त्याने बघितलं. मला दानाचा याच्यापेक्षा चांगला धडा माहीत नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, कापणीच्या सणाला लोक शेतातलं घेऊन येतात, दादर ज्वारी, तूर, लाल भोपळा, कोणी कोंबडी, आणि उपासना झाली की लिलाव होतो. शेत नसलेल्या एका बाईने एक अंडं आणलं होतं, ते ज्याने बोली लावून घेतलं त्याने परत टेबलावर ठेवलं, पुन्हा बोली लागली, असं ते अंडं कितीदा तरी फिरलं आणि ती बाई मागे चटईवर बसून खुदुखुदू हसत होती. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी बारकी नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेने सगळ्यांपेक्षा जास्त दिलं असं येशू का बोलला असेल ते त्या दिवशी बघायला मिळालं.

आणि आभाराचं म्हणाल तर येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत एकच आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी लोकांच्या लेखी परका. बाकीचे नऊ कुठे आहेत असं येशूने विचारलं, पण ते देवाचं गौरव करायला का आले नाहीत म्हणून विचारलं, आणि त्या नऊ जणांचं बरं होणं काही काढून घेतलं नाही. आपल्याला मात्र घेणाऱ्याने लगेच हात जोडलेले पाहिजेत, तेही फोटोत.

कोणी म्हणेल, गुपचूप द्यायचं तर नुसती प्रार्थनाच करू. तसं पण नाही, उघड्या-उपाशी माणसाला 'ऊब घे, पोट भर' असं नुसतं तोंडाने म्हणून काय उपयोग, हे याकोबाने बायबलातल्या त्याच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात विचारलंच आहे. ब्लँकेट द्यायचंच आहे.

तर साहेब, विनंती एवढीच की बातमी छापा, फोटो पाहिजेच तर ब्लँकेटच्या गठ्ठ्यांचा छापा, फार तर देणाऱ्यांचा छापा, पण घेणाऱ्याचा चेहरा नको, आणि आश्रमशाळेतल्या पोरांचा तर नकोच नको. आणि आमच्या पाळकसाहेबांना व पंचांना पण इथूनच सांगतो, यंदा स्टेज घालू नका, ब्लँकेटं वस्तीतल्याच एखाद्या बाईकडे द्या, कोणाच्या घरात काय कमी आहे ते तिला माहीत असतं, ती संध्याकाळी घरोघर देऊन येईल.

आपला नेहमीचा वाचक,
साक्री, जि. धुळे