निवृत्ती की गळती?

व्हॅनमधून गॅरेजोगॅरेजी अवजारे विकणाऱ्या अमेरिकेतल्या ‘स्नॅप-ऑन’सारख्या कंपन्यांवरील आपल्या लेखात व्हॅन सोडणारा प्रत्येक फ्रँचायझीधारक अपयशी ठरवला आहे, ते पटत नाही. फ्रँचायझी घेऊ इच्छिणाऱ्याला द्यायच्या तिथल्या सक्तीच्या माहितीपत्रकात, २०व्या कलमात, तीन वर्षांची हस्तांतरणे, रद्द करार आणि बंद पडलेल्या फ्रँचायझी वेगवेगळ्या दाखवतात. ‘निवृत्त’ असा रकानाच नाही. साठीतल्या माणसाने आपला मार्ग, म्हणजे ठरलेल्या गॅरेजांची फेरी, विकला तर ते हस्तांतरण. घेणारा मिळाला नाही, तर तोच बहुधा ‘बंद’मध्ये जमा. खरी गोची मेकॅनिकांना हप्त्यांवर दिलेल्या अवजारांच्या उधारीची. मेकॅनिकचे हप्ते येतात, कारण व्हॅन दर आठवड्याला गॅरेजच्या दारात उभी राहते; फेरी थांबली की वसुली आटते. त्याच कलमात माजी फ्रँचायझीधारकांचे फोन असतात. इच्छुकांनी ते फिरवून उधारी किती बुडाली, हे आधी विचारावे.

– एक वाचक, चिंचवड