हाफ डिमिनिश्ड कॉर्ड सरगममधून शिकवा ना

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गाण्याबद्दल येतं ते मी नेहमी वाचते, पण पियानो, कीबोर्ड शिकणाऱ्यांसाठी मराठीत वाचायला काही मिळतच नाही म्हणून हे लिहितेय. लहानपणी मी पाच वर्षं पेटी शिकले आणि आता बावन्नाव्या वर्षी पियानोच्या क्लासला जाते. मेजर, मायनर कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे तीन-चार स्वर, पटकन जमल्या आणि मग हाफ डिमिनिश्ड या कॉर्डपाशी सगळं अडलं. क्लासमध्ये एक छापील चार्ट हातात दिला, त्यात बारीक गोल आणि त्यावर तिरकी रेघ, शेजारी त्याच कॉर्डचं दुसरं नाव मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, आणि म्हणाले पाठ करा. तीन महिने पाठ करत होते आणि विसरत होते.

मग एका दुपारी पांढरी एकचा, म्हणजे पियानोवरच्या सी पट्टीचा सा धरला आणि चार्टमधली बी हाफ डिमिनिश्ड सरगममध्ये म्हणून बघितली तर काय, नि रे म ध! सगळे शुद्ध स्वर, एकही काळी पट्टी नाही, डोळ्यात पाणीच आलं हो. सुरुवातीची पट्टी सोडून पुढच्या काळ्या पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर नि पासून रे तिसरी, रे पासून म तिसरी आणि म पासून ध चौथी, बास. आता तोच ध कोमल करा, सगळी अंतरं तीन-तीनची होतात आणि फुल डिमिनिश्ड होते, ती ऐकून धडकीच भरते. शुद्ध ध ठेवला की तीच कॉर्ड हळवी होते. हाफ आणि फुलचा सगळा फरक त्या एका धैवतात आहे, आणि हे कुणी सांगितलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते.

आणि ही कॉर्ड एकटी वाजवून थांबू नका, लोंबकळत राहते, तिला पुढे जायचं असतं. उजव्या हाताचा अंगठा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या नि वर, पुढची दोन बोटं रे आणि म वर, करंगळी ध वर. आता अंगठा आणि पहिलं बोट हलवायचंच नाही, मधलं बोट म वरून ग वर आणि करंगळी शुद्ध ध वरून कोमल ध वर, झाली ई सेव्हन. मग अंगठा मंद्र ध वर, पहिलं बोट सा वर, मधलं तिथेच, करंगळी परत शुद्ध ध वर, आलात ए मायनरमध्ये. डाव्या हातात त्या तीन कॉर्डना क्रमाने नुसता एकेक सूर, नि, ग, ध. जॅझमध्ये मायनरचं टू फाइव्ह वन, म्हणजे सप्तकाच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड ओळीने, म्हणतात ते हेच. सावकाश वाजवा, करंगळी अर्धा सूर खाली सरकते ना तिथे कान ठेवा.

आणखी एक, उजवा हात नि रे म ध वरच ठेवून डाव्या हातात प दाबला तर जी नाइन्थ होते, रे दाबला तर डी मायनर सिक्स्थ, म्हणजे एकाच पकडीत तीन कॉर्ड. जर्मन संगीतकार वाग्नरचा ऑपेरा ट्रिस्टन उंड इझोल्ड १८६५ मध्ये म्युनिकला पहिल्यांदा झाला, त्याच्या सुरुवातीची गाजलेली कॉर्ड पियानोवर दाबून बघितली तर एफ हाफ डिमिनिश्डच्याच चार पट्ट्या निघतात, जाणकार अजूनही तिला काय म्हणायचं यावर वाद घालतात.

पेटीवाली कितीतरी माणसं आज कीबोर्डकडे वळतायत, त्यांच्या कानात सरगम आधीच आहे. तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीत दर आठवड्याला एक कॉर्ड अशी द्या. पहिल्या वेळी नुसतं पट्ट्यांचं चित्र छापलंत आणि खाली नि रे म ध लिहिलंत तरी चालेल.

आपली एक वाचक, डोंबिवली