वेगळी शाळा त्यांनीच नाकारली होती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशातील मराठी शाळांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. स्पेनचे सरकार बाहेर गेलेल्या आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा चालवते, मग आपल्या सरकारने का चालवू नये, असे त्यात विचारले आहे. मी एकोणीस वर्षे फ्रँकफर्टला राहते. आमच्या समोरच्या दारात एक स्पॅनिश आजी राहतात, हा इतिहास जगलेल्या. म्हणून हे पत्र.

जर्मनी आणि स्पेनचा कामगारभरतीचा करार २९ मार्च १९६० रोजी झाला. १९७३ पर्यंत सुमारे सहा लाख स्पॅनिश माणसे इथे आली. आजी १९६२ साली स्पेनच्या गालिसिया भागातून निघाल्या, एका वर्षाच्या बोलीवर. कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर उतरेपर्यंत पुठ्ठ्याच्या सुटकेसची मूठ तुटली होती, हे त्या दर वेळी सांगतात. एका वर्षाची दहा वर्षे झाली, मुले शाळेच्या वयाला आली.

तेव्हा काही प्रांतांत, विशेषतः बव्हेरियात, अशा मुलांचे त्यांच्या त्यांच्या भाषेत वेगळे वर्ग भरत. ही मुले उद्या परत जाणारच, असा हिशेब. आजींसारख्या आईबापांना तो पटेना. रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपली की कॅथलिक मिशनच्या सभागृहात बैठक बसायची. रात्रपाळीवरून आलेले तिथेच पेंगायचे. ठिकठिकाणी पालकांच्या संघटना झाल्या, १९७३ मध्ये त्यांचा महासंघ झाला. म्हणणे एवढेच, की मुले जर्मन मुलांच्याच वर्गात बसतील आणि स्पॅनिश दुपारनंतर शिकतील. त्या दुपारच्या वर्गांना शिक्षक दिले स्पेनने.

परदेशी कामगारांच्या मुलांत पुढे स्पॅनिश मुले शिक्षणात आघाडीवर राहिली. आजींच्या थोरल्याला मात्र ते वर्ग कधीच आवडले नाहीत. बाकीची पोरे फुटबॉल खेळताना आपण क्रियापदे घोकायची, याचा राग अजून गेलेला नाही. स्वतःच्या मुलीलाही त्याने तिथेच घातले, ही गोष्ट वेगळी.

आमचा मराठी वर्ग शनिवारी भरतो. सतरा मुले. आत मी त्यांच्याकडून ‘ळ’ घोटून घेते आणि बाहेर जाकिटे सांभाळत पालक इंग्रजीत गप्पा मारतात. त्यांत आमचे हेही आले. आजींना हे सांगितले तर त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या.

लेखकाने सरकारकडे शाळा मागितली आहे. मागायचेच तर शिकवणारी माणसे मागावीत. खोली मिळते; आमची इथल्याच एका शाळेने दिली आहे. पण दिवसभर जर्मन बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचायला कसे बसवायचे, हे सांगणारे कुणी आम्हाला अजून भेटलेले नाही. दोन वर्षे मी हा वर्ग घेते आहे आणि मी शिक्षिका नाही, एका कंपनीत हिशेब लिहिते.

आपली,
एक वाचक, फ्रँकफर्ट