न्यायाधीश आठवड्यात घडत नाहीत

महोदय,

तिमोर-लेस्ते हा आग्नेय आशियातील चिमुकला देश २६ ऑक्टोबर २०२५ रोजी आसियान या तेथील देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झाला. अशा प्रसंगी तेलाची, व्यापाराची आणि गुंतवणुकीची चर्चा होणे स्वाभाविक आहे. मात्र हयातीची बरीच वर्षे न्यायालयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाचे लक्ष त्या देशाच्या वकील-न्यायाधीशांकडे जाते. नव्या लोकशाहीत कायदा चालवणारी माणसे कशी तयार करावीत, आणि कशी करू नयेत, या दोन्ही गोष्टी गेल्या पंचवीस वर्षांत त्यांच्या वाट्याला आल्या आहेत.

३० ऑगस्ट १९९९ रोजी तेथील जनतेने सार्वमतात इंडोनेशियापासून वेगळे होण्याचा कौल दिला आणि त्यानंतरच्या हिंसाचारात न्यायालयांच्या इमारती जाळल्या गेल्या, लुटल्या गेल्या, दप्तरे नष्ट झाली. इंडोनेशियाच्या चोवीस वर्षांच्या अमलात एकाही तिमोरी माणसाला न्यायाधीश किंवा सरकारी वकील म्हणून नेमलेले नव्हते, त्यामुळे जुने अधिकारी निघून गेल्यावर न्यायासनावर बसायला कोणी उरलेच नाही. कायद्याचे शिक्षण घेतलेल्यांनी पुढे यावे, असे आवाहन करणारी पत्रके तेव्हा विमानांतून टाकावी लागली. आठवड्याभरात सतरा जण सापडले. ७ जानेवारी २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या हंगामी प्रशासनाखाली आठ न्यायाधीश आणि दोन सरकारी वकिलांनी राजधानी दिली येथे शपथ घेतली. त्यांपैकी कोणालाही न्यायदानाचा पूर्वानुभव नव्हता आणि नेमणुकीपूर्वीचे प्रशिक्षण जेमतेम आठवड्याभराचे होते.

त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे मी मान्य करतो. अटकेतील माणसाला ७२ तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभे करायचे असेल, तर न्यायाधीश आज हवा असतो, पाच वर्षांनी नव्हे. पण त्या न्यायाधीशासमोर काय येत होते ते डोळ्यांसमोर आणावे. आंतरराष्ट्रीय पोलिसांचे कागद इंग्रजीत, आरोपी तेतुम या स्थानिक भाषेत किंवा आपल्या डोंगरातल्या बोलीत सांगणार, न्यायाधीशाने कायदा शिकलेला इंडोनेशियन भाषेत, आणि २००२च्या राज्यघटनेने तेतुमबरोबर पोर्तुगीज ही अधिकृत भाषा ठरवल्यावर नवे कायदे लिहिले जाणार पोर्तुगीजमध्ये. या गुंत्यात एका माणसाला कोठडीत ठेवायचे की सोडायचे, हे त्याने ठरवायचे होते.

भाषेचा मुद्दा किरकोळ वाटू शकतो, म्हणून वकिलीच्या पहिल्या वर्षातील एक अनुभव सांगतो. मी माझ्या ज्येष्ठांच्या मागे फायली घेऊन उभा होतो. साक्षीदार म्हणाला, ‘तो तिथं होता म्हणे.’ जबाब टंकलिखित होताना ‘तो तिथे होता’ एवढेच उतरले. ज्येष्ठ वकील शांतपणे उठले आणि त्यांनी तो ‘म्हणे’ पुन्हा घालून घेतला. ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष पाहिलेली घटना यांतला सगळा फरक त्या एका शब्दात होता. साक्षीदार, वकील, न्यायाधीश आणि टंकलेखक या सर्वांची भाषा एकच असताना जे निसटले, ते दोन दुभाष्यांच्या तोंडून जाताना किती निसटत असेल? आणि हे कान तयार करणे कोणत्याही व्याख्यानमालेत जमत नाही, त्यासाठी जाणत्या माणसाच्या मागे महिनोन्महिने उभे राहावे लागते. दिलीतल्या त्या दहा जणांपुढे उभे राहायला असे कोणी नव्हते.

जानेवारी २००५ मध्ये या परिविक्षाधीन, म्हणजे अजून पदावर कायम न झालेल्या, न्यायाधीशांच्या परीक्षेचा निकाल लागला आणि सर्वच्या सर्व अनुत्तीर्ण ठरले. सरकारी वकील आणि सरकारतर्फे बचाव करणारे वकील यांचेही तेच झाले. पाच वर्षे लोकांच्या स्वातंत्र्याचे निर्णय ज्यांनी केले, त्यांना अपात्र ठरवून परदेशी न्यायाधीशांच्या हाती न्यायालये द्यावी लागली. अनेकांना यात तिमोरी माणसांची अक्षमता दिसली. माझ्या मते तो निकाल त्यांना शिकवणाऱ्या व्यवस्थेचा होता.

त्यानंतर मात्र योग्य दिशेने काम झाले, हेही नोंदवले पाहिजे. २००४ मध्ये सुरू झालेल्या न्यायिक प्रशिक्षण केंद्रात याच मंडळींना दीर्घ मुदतीचे शिक्षण मिळाले, त्यांतील अनेक जण पुन्हा पदावर आले आणि २००८च्या कायद्याने खासगी वकिलांनाही तेथील प्रशिक्षण सक्तीचे केले. वकील आणि न्यायाधीश एकाच छताखाली शिकणे मला फार मोलाचे वाटते. बचाव पक्षाचा वकील दुबळा असेल, तर उत्तम न्यायाधीशालाही खटल्याची दुसरी बाजू ऐकूच येत नाही.

पण शिकवणारे बाहेरचे, मुख्यतः पोर्तुगालमधून आलेले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये संसदेने आणि सरकारने परदेशी न्यायिक अधिकाऱ्यांच्या नेमणुका रद्द करणारे ठराव केले आणि पुढच्या काही दिवसांत न्यायाधीश व सरकारी वकील यांना ४८ तासांत देश सोडण्याचा आदेश निघाला. तेल कंपन्यांविरुद्धचे करविषयक खटले या अधिकाऱ्यांच्या चुकांमुळे हातचे गेले, असे सरकारचे म्हणणे होते, तर भ्रष्टाचाराचे खटले नेत्यांच्या दारापर्यंत पोहोचल्याने हे घडले, असे टीकाकारांचे. न्यायाधीशांच्या स्वातंत्र्यावर हा आघात होता आणि न्यायाधीश-वकिलांच्या स्वातंत्र्यावर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी तसे स्पष्ट सांगितले. मला त्याहून अधिक बोचते ती दुसरी गोष्ट: शिक्षक गेले आणि केंद्रातील शिकवणेही थांबले. दहा वर्षांत न्यायाधीश तयार झाले होते, पण त्यांना शिकवू शकतील असे तिमोरी शिक्षक पुरेसे तयार झालेले नव्हते.

हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, भारतालाही आता या देशात काही करण्याची संधी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने दिलीत दूतावास उघडण्याची घोषणा केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तेथे जाऊन आल्या. भोपाळच्या राष्ट्रीय न्यायिक अकादमीने बांगलादेशाच्या न्यायाधीशांना शिकवलेले आहे. तिमोरसाठी असे काही ठरलेच, तर पंधरवड्याची व्याख्याने, समूहछायाचित्र आणि प्रमाणपत्र या वाटेने कृपया जाऊ नये. उद्या शिक्षक होऊ शकतील अशा मोजक्याच तिमोरी न्यायाधीश-वकिलांना वर्षभर बोलवावे, त्यांना येथील जिल्हा न्यायालयांत रोजचे कामकाज पाहू द्यावे, आणि अभ्यासक्रम कोणता असावा, तो कोणत्या भाषेत असावा, हे त्यांनाच ठरवू द्यावे. खर्चाचा मोठा वाटा खटल्यांच्या कागदांवर आधारित तेतुम पाठ्यसाहित्य तयार करण्याकडे वळवावा. परराष्ट्र मंत्रालयाने निदान एवढे तरी आधी दिलीतील प्रशिक्षण केंद्राला विचारून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त वकील