व्यसनमुक्तीच्या सभांची वेळ आणि ठिकाण वृत्तपत्रात छापावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात सातारा शहर आणि तालुक्यांतील कीर्तने, व्याख्याने, आरोग्य शिबिरे यांच्या वेळा नियमितपणे छापल्या जातात. त्याच सदरात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे 'एए' म्हणतात, त्या दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या गटाच्या साप्ताहिक सभांची वेळ आणि ठिकाणही द्यावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझा धाकटा भाऊ चौदा वर्षे दारूच्या आहारी होता. घरच्यांना जे जे सुचले ते आम्ही केले. देवापुढे शपथ घालून झाली, पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घालून झाली आणि एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून, त्याला न सांगता आमटीत मिसळायची पूडही आणून झाली. दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांवर माणूस दारू प्यायला तर त्याच्या जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांकडून नंतर कळले तेव्हा माझ्या अंगाला कापरे भरले. अखेर एका संध्याकाळी तो स्वतःच म्हणाला, "ताई, मला कुठेतरी घेऊन चल."

दुसऱ्याच दिवशी आम्ही कोरेगावहून एसटीने साताऱ्याला गेलो. हातात ओळखीच्या एकाने दिलेले जुने पत्रक होते. त्यावरच्या पत्त्यावर पोहोचलो तर खोलीला कुलूप होते. शेजारच्या चहावाल्याने सांगितले, की ती मंडळी पूर्वी इथे बसत, आता कुठे जमतात ते त्यालाही ठाऊक नव्हते. भाऊ काहीच बोलला नाही. परतताना स्टँडवर 'पाण्याची बाटली आणतो' म्हणून गेला आणि गाडी सुटायच्या वेळी आला तेव्हा प्यायलेला होता. त्यानंतर पुन्हा मदत घ्यायला तो तयार होईपर्यंत सात महिने गेले.

त्या सात महिन्यांचा दोष मी कोणालाही देत नाही. पण ज्या घरात व्यसन आहे तिथे माणूस 'चल' म्हणतो तो क्षण फार थोडा काळ टिकतो, आणि तेवढ्यात योग्य दार सापडले नाही तर तो निघून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसऱ्या खेपेस आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो, आणि ते योग्यच झाले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर हातपाय थरथरणे, फिट येणे, दोन-तीन दिवसांत भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. अशा वेळी वैद्यकीय उपचारच हवेत, सभा त्यांची जागा घेऊ शकत नाही. सभेचे काम त्यानंतरचे, आणि ते फार लांब पल्ल्याचे असते. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता काय करायचे हा प्रश्न रोज पडतो. भावाला त्याचे उत्तर एएच्या सभेच्या खोलीत, सतरंजीवर बसलेल्या दहा-बारा माणसांमध्ये मिळाले. तिथे कोणी उपदेश करत नाही. प्रत्येक जण फक्त स्वतःविषयी बोलतो, आणि 'आजचा दिवस प्यायचे नाही' एवढेच ठरवून घरी जातो. प्रवेश फी नाही, सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीवर खर्च चालतो, आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. दारूपुढे आपले काही चालत नाही, ही कबुली त्यांच्या दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली. भाऊ ती मोठ्याने बोलू शकला, कारण समोरच्या प्रत्येकाने ती आधी दिलेली होती.

ही सभा अनामिकांची आहे, मग तिचा पत्ता छापणे योग्य ठरेल का, अशी शंका कोणी घेईल. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीच्या बारा परंपरांमध्ये, म्हणजे गट कसे चालावेत याच्या तत्त्वांमध्ये, वृत्तपत्रांचा उल्लेखच आहे: तिथे सभासदाचे नाव येऊ नये आणि जाहिरातबाजी करू नये. सभा कुठे आणि किती वाजता भरते हे सांगण्याला त्यात कोठेही बंदी नाही. मीही याच कारणाने माझे नाव छापू नये अशी विनंती करत आहे.

सातारा या बाबतीत मागासलेला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही व्यसनमुक्ती संस्था इथलीच, आणि १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र पुण्यात, म्हणजे जवळच आहे. पण माण-खटावच्या एखाद्या वाडीवरच्या बाईला यातले काहीच कळत नाही. तिच्या घरी येतो तो फक्त पेपर.

म्हणून सुचवते, की आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, सातारा, कराड, वाई, फलटण अशा ठिकाणी ज्या सभा भरत असतील त्यांची माहिती द्यावी, कुटुंबीयांसाठीच्या अल-अॅनॉन गटाची सभा असल्यास तीही द्यावी, आणि सोबत केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी छापावी. छापण्यापूर्वी गटाकडे दूरध्वनी करून खात्री करावी आणि खात्री केल्याची तारीख खाली द्यावी. सभेची जागा बदलली असेल तर जुना पत्ता त्याच आठवड्यात काढून टाकावा. आमच्या हातातल्या पत्रकावर नेमकी तारीखच नव्हती.

आपली विश्वासू,
एक बहीण
कोरेगाव, जि. सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)